ग रांगेतली अकरावी खुर्ची

३ मार्च, मंगळवार
ही वही डॉक्टरांनी घ्यायला लावली. रोज कामावर किती तास उभी राहिले, किती तास बसले, एवढं लिहायचं. चौथी शिकलेय म्हटल्यावर म्हणाले, मग जमेल.

उजव्या गुडघ्याची वाटी झिजलीय. नऊ तासांच्या कामात निदान तीन-चार तास बसायचं म्हणाले. पंधरा एप्रिलला परत दाखवायचं. तोवर सूज उतरली नाही तर 'कामाला फिट' या कागदावर सही देणार नाहीत. तो कागद थिएटरात दर वर्षी द्यावा लागतो. सही नाही तर काम नाही. अठरा वर्षं तो हॉल मी झाडतेय, पुसतेय.

मी म्हटलं, "डॉक्टर, मी कामाला आहे तिथं दोनशे बारा खुर्च्या आहेत."

"मग अडचण काय?"

अडचण भिंतीवर चिकटवलीय. नियम सात : कामावर असताना कोणाही कर्मचाऱ्याने प्रेक्षकांच्या खुर्चीवर बसू नये. त्याच्याखाली नियम आठ : राखण करणाऱ्यास एक स्टूल मिळेल. म्हणून दारवान दिवसभर स्टुलावर बसून पेंगतो. दार पळून जाऊ नये म्हणून. मला काय राखायचं आहे? संडास.

उभी : नऊ. बसले : दहा मिनिटं, तीही कुठे ते सांगितलंच.

४ मार्च
उभी : नऊ. बसले : नाही. रोज काय वेगळं लिहू?

६ मार्च, शुक्रवार
आज वेगळं घडलं.

आमच्या थिएटरात नाचगाण्याचे पिक्चर लागत नाहीत. समाजाचे प्रश्न असलेले लागतात. त्यात माणसं कमी बोलतात आणि पुष्कळ वेळ खिडकीतून बाहेर बघतात. रोज पाचला एकच खेळ. बघायला येणारे तेच ते दहा-बारा.

पावणेपाचला व्यवस्थापकसाहेब घामाघूम होऊन मोरीपाशी आले. वयानं माझ्या मुलासारखे, पण साहेबच म्हणायचं.

"मावशी, दहाच जण आलेत."

"मग मी काय करू? नाचू?"

"अकरा नसतील तर खेळ रद्द. या महिन्यात दोन रद्द झालेत. तिसरा झाला की थिएटर चालवणारी समिती हा हॉल वरच्या मजल्यावरच्या फरशीच्या दुकानदाराला गोदामासाठी देणार. अ‍ॅप्रन काढा."

"अं?"

"अ‍ॅप्रन काढा आणि आत जाऊन बसा. अ‍ॅप्रन नसला की तुम्ही कर्मचारी नाही. प्रेक्षक."

अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला आणि ग रांगेत कडेच्या अकराव्या खुर्चीवर बसले. अठरा वर्षं या खुर्च्या पुसल्या, खालून च्युइंगम खरवडलं, कुरकुरल्या तर तेल घातलं. बूड आज टेकलं. मऊ आहेत की मेल्या!

पिक्चरमध्ये एक माणूस पाठीवर लाकडी कपाट घेऊन उजाड माळावरून चालतो. दोन तास वीस मिनिटं. खण आधी काढून वेगळे न्यायचे एवढं डोकं नाही. शेवटी कपाट उघडतो, तर रिकामं.

नंतर चर्चा. समितीचा नियम, प्रत्येकानं निदान एक वाक्य बोलायचं, नाहीतर हजेरी धरत नाहीत. चर्चा घेणारे गृहस्थ बारा महिने गळ्यात मफलर घालतात. मी त्यांना मनात मफलरच म्हणते. सगळे 'विस्थापन, विस्थापन' करत होते. माझ्यावर आलं.

"ताई, तुम्हाला काय जाणवलं?"

मी म्हटलं, "तो माणूस एकदाही बसला नाही. आख्ख्या पिक्चरमध्ये बसलेला एकच दिसला, तो नाक्यावरचा शिपाई. आणि तोच याला विचारतो, का रे एवढा दमलास?"

मफलरनी चष्मा काढला. "परत म्हणा."

परत म्हटलं. ऐकायला कमी येतं की काय कोण जाणे.

उभी : सहा. बसले : तीन!

१० मार्च, मंगळवार
रोज दहाच येतात. देव त्यांचं भलं करो. मी अकरावी.

आजचा पिक्चर सत्तर मिनिटांचा. एवढ्यात कसला समाजाचा प्रश्न सुटतो? कंजूष कुठले. साहेबांना सांगितलं, लांबडे मागवत जा. ते म्हणाले, "मावशी, तुमची अभिरुची वाढतेय."

उभी : सव्वासात. बसले : पावणेदोन.

१३ मार्च, शुक्रवार
दिव्यांच्या कारखान्यातल्या बायकांचा पिक्चर होता. पट्ट्यावरून दिवे येतात, बायका उभ्यानं एकेक पेटवून बघतात. खराब निघाला की उचलून टोपलीत. दीड तास तेच. माझ्या शेजारचे निवृत्त पोस्टमन घोरत होते. मला झोप येईना. त्यातली एक म्हातारी दर वेळी दिवा पेटला की थोडीशी हसायची. हजार दिवे बघितले असतील तिनं आणि दर वेळी हसली. कशाला हसत असेल? मग एक दिवस तिच्या हातून चांगला दिवा टोपलीत जातो. तो टोपलीत पडूनही मनात पेटलेलाच राहतो. म्हणजे माझ्या.

चर्चेत मी एवढंच म्हटलं, की मुकादमाला खुर्ची होती आणि तिच्यावर त्याचा कोट बसला होता. कोटाला खुर्ची मिळते, बाईला नाही. मफलरनी ते लिहून घेतलं आणि बाहेरच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली 'एक प्रेक्षक'.

घरी सांगितलं तर नणंद हसायला लागली. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती घरी शिवणकाम करते.

"वहिनी, मजा आहे बाई तुझी. लोक बसतात पिक्चर बघायला, तू पिक्चर बघतेस बसायला."

"तुला काय कळतंय? तू दिवसभर बसलेलीच."

तिनं मशीन जोरात चालवलं.

आकडे लिहायचे राहिले. आठवत नाही आता.

१७ मार्च, मंगळवार
कोण बसलंय आणि कोण उभं, हे बघायची खोडच लागली. कोर्टाचा पिक्चर होता. न्यायाधीश बसलेला, वकील उभा राहतो पण परत बसतो, आरोपी उभा तो उभाच. निकाल काय लागणार हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. बाकीचे दोन तास ताटकळले.

चौदा जण आले होते. साहेब खुशीत. म्हणाले बसा, तुम्ही आता सवयीच्या झालात. गुडघा जिना उतरताना कमी बोंबलतो.

उभी : सहा. बसले : तीन.

२० मार्च, शुक्रवार
तेवीस जण आले.

पाचला पाच कमी असताना मी अ‍ॅप्रन काढायला लागले, तर साहेब म्हणाले, "राहू द्या मावशी. आता गरज नाही. समितीचे लोक कधीही येतील. नियम सात आहे ना?"

"एवढे का आले मेले?"

"फळा वाचून येतात. तुमची वाक्यं आवडतात त्यांना."

म्हणजे मी बोलले म्हणून लोक आले, आणि लोक आले म्हणून मी उठले. चार चांगली वाक्यं बोलून स्वतःच्याच बुडाखालची खुर्ची ओढून घेतली. तोंड शिवून ठेवायला हवं होतं. घरात शिवणारी आहे.

चर्चा मी झाडू घेऊन दारातून ऐकली. एक जण म्हणाला, आज त्या बाई का दिसत नाहीत? दुसरा म्हणाला, ही अनुपस्थितीसुद्धा एक विधान आहे. मी तीन हात लांब उभी होते. अ‍ॅप्रन घातला होता, म्हणून दिसले नसेन.

उभी : नऊ. गुडघा टम्म.

२२ मार्च, रविवार
गर्दी हटवायची ठरवलं. दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "जाऊ नका. रटाळ आहे. शेवटी दोघंही मरतात."

एक ताई माझा हात धरून म्हणाली, "अशा सिनेमात शेवटाला महत्त्व नसतंच हो." आणि आत गेली. सगळेच गेले. एकतीस.

दारवान स्टुलावरून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगितल्यानं उलट लवकर जातायत आत. जागा धरायला."

तू बस. बसायला काय जातंय तुझं.

२५ मार्च, बुधवार
सकाळी कोठीतून 'रंग ओला आहे' लिहिलेल्या कागदी पाट्या काढल्या आणि जवळजवळ सगळ्या खुर्च्यांवर लावल्या. दहा सोडल्या.

लोक आले. पाट्या वाचल्या. कोणीही गेलं नाही. मफलर पुढं होऊन हळू आवाजात म्हणाले, "ही मांडणी आहे. बसणं कुणासाठी खुलं आहे आणि कुणासाठी नाही, हा प्रश्न इथं विचारलाय." एका माणसानं खुर्चीला बोट लावून बघितलं. रंग लागला नाही, तर तो जास्तच गंभीर झाला. मग सगळ्यांनी पाट्या मांडीवर घेऊन पिक्चर बघितला. जाताना नीट घडी करून घरी घेऊन गेले. कोठीचा हिशेब आता कोण देणार?

उभी : साडेनऊ. अर्धा तास उरलेल्या पाट्या काढण्यात.

२७ मार्च, शुक्रवार
कंटाळले. सरळ विचारलं. मफलर आणि साहेब दोघं चहा घेत बसले होते. बसले होते हे मुद्दाम लिहितेय.

"मला एक खुर्ची पाहिजे. रोज तीन-चार तास. नाहीतर पंधरा तारखेला माझं काम जातंय."

साहेबांचा कप हातातच राहिला. मफलरच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "ताई, आम्ही सगळे तुमच्या बाजूनं उभे आहोत."

"उभे राहू नका हो! मला बसू द्या!"

"अगदी बरोबर," म्हणाले, आणि वहीत लिहिलं.

नियम बदलायला समितीची बैठक लागते. ती जूनमध्ये. पण तोवर माझ्या सन्मानार्थ एक दिवसाचा महोत्सव घेणार. उभ्यानं काम करणाऱ्यांवरचे पिक्चर. मी भाषण करायचं.

"बसून?"

"माइक उभा आहे, मावशी," साहेब म्हणाले.

३० मार्च, सोमवार
आज मागच्या भिंतीला टेकून बघितला. गालिचे विणणाऱ्या बाईचा. ती सारखी बसलेली. मला वाटलं, चला, एकीचं तरी बरं आहे. मग बघते तर ती उठायला लागली की घंटा वाजते, आणि ती परत बसते. वीस वर्षं. शेवटी दाराशी कोणीतरी तिला हाक मारतं. ती उठते, पण पाठ सरळच होत नाही. तशीच वाकून दारापर्यंत जाते.

घरी आले. नणंद मशीनवर. दिव्याच्या उजेडात तिची मान बघितली. कधीपासून अशी झाली?

"ऊठ जरा," मी म्हटलं.

"का? डाग पडलाय?"

"नाही. नुसती ऊठ."

"वहिनी, चार तास सलग बसलेय, एवढी बाही लावू दे. तुझं आपलं काहीतरीच."

मी दिवा जरा जवळ सरकवून दिला.

४ एप्रिल, शनिवार
महोत्सव. हॉल भरला. नणंदेलाही नेलं.

साहेबांनी मला आजच्या दिवसापुरतं पाहुणी केलं. अ‍ॅप्रन नाही. स्टेजवर माइकपुढं पंधरा मिनिटं उभं केलं. मी म्हटलं, "माझा गुडघा दुखतो. मला खुर्ची पाहिजे. झालं." टाळ्या थांबेचनात. जितका वेळ टाळ्या, तितका वेळ मी उभी. शेवटी ओरडले, "पुरे!" तर आणखी वाजवल्या.

पिक्चर होता जिना धुणाऱ्या बाईचा. दोन तास चाळीस मिनिटं. मला सगळ्यांत जास्त हाच बघायचा होता. मी ग रांगेत अकराव्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारी नणंद. दिवे मालवणार तेवढ्यात मफलर उठले आणि म्हणाले, "मित्रहो, आज हा सिनेमा आपण बसून कसा बघणार?"

आणि सगळे उभे राहिले. दोनशे माणसं. खुर्च्या खटाखट मिटल्या.

आख्ख्या हॉलमध्ये मी एकटी बसलेली. पुढं नुसत्या पाठी. पिक्चर दिसेना. जिन्याचा आवाज तेवढा यायचा, खराट्याचा आणि पाण्याचा. वरून पाणी सोडत होती की खालून, तेसुद्धा कळलं नाही. पुढच्या माणसाचा शर्ट ओढून म्हटलं, "अहो, बसा, दिसत नाही." त्यानं मागं वळून मला नमस्कार केला.

नणंदही उभी होती. मी म्हटलं, तू तरी बस. ती खाली वाकून कानात म्हणाली, "नको गं वहिनी. किती दिवसांनी एवढा वेळ उभी राहिले. पाठ मोकळी झाली बघ." तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात वेगळाच दिसत होता. मी तोच बघत बसले. दुसरं दिसत काय होतं?

अर्ध्या तासानं मागच्या रांगेतले बसू लागले. तासाभरात सगळे बसले, एकमेकांकडे न बघता. सगळ्यात शेवटी मफलर. नणंद मात्र शेवटपर्यंत उभी. तिच्या मागचे लोक चिडले, पण काही बोलता येईना त्यांना.

उरलेला पिक्चर दिसला. ती बाई वरून खालीच धूत होती. जमतंय तिला.

बसले : दोन तास चाळीस.

६ एप्रिल, सोमवार
सकाळी हॉलचं दार उघडलं तर ग-अकराला चारी बाजूंनी जाड लाल दोरी. खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टी : 'उभ्या श्रमाच्या सन्मानार्थ. कृपया बसू नये.'

साहेब हात चोळत आले. "कशी वाटली? समितीनं फोनवरच मंजूर केली. आता ही कायमची तुमची खुर्ची."

"मग बसू?"

"अहो, बसायची नाही ती. प्रतीक आहे. रोज तेवढी पुसत चला. पितळेला वेगळं फडकं."

म्हणजे दोनशे बारापैकी एक कमी झाली आणि पुसायचं काम एक वाढलं. संध्याकाळी लोक येऊन त्या खुर्चीपुढं गप्प उभे राहत होते. एक पोरगी तर रडली. मी बादली घेऊन मागं उभी. "जरा बाजूला होता का, फरशी पुसायचीय," म्हटलं, तर म्हणाली, "शू."

उभी : नऊ. नऊ दिवस उरले.

७ एप्रिल, मंगळवार
रात्रभर डोक्यात दोरी. सकाळी पितळ पुसताना भिंतीवरचा कागद दिसला. सात मला पाठ आहे. आज आठवर डोळा गेला.

सरळ साहेबांच्या खोलीत.

"साहेब, त्या खुर्चीवर कोणी बसलं तर?"

"कोण बसेल?"

"काल दोघं बसली होती. दोरी ओलांडून. फोटो काढत." खोटं नव्हतं. एकच होता, पण जाडा होता.

साहेब पांढरे पडले. "समितीला कळलं तर?"

"तेच म्हणते. पाचपासून गर्दी असते. कोणीतरी राखण करायला पाहिजे."

"माणूस कुठून आणू मी?"

"मी आहे की. फरशी पुसून पाचला हजर होते. राखण करते." मग भिंतीकडे बोट केलं. "आठ."

त्यांनी वाचलं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग दारवानाला हाक मारली आणि कोठीतलं दुसरं स्टूल काढायला सांगितलं. दारवानानं ते आणताना त्याची धूळ झटकली आणि माझ्या हातात देत म्हणाला, "बाई, राखण सोपी नसते. सुरुवातीला पाठ धरते."

प्लास्टिकचं आहे. हिरवं. एक पाय जरा वाकडा. पाठ नाही, गादी नाही. ग-अकराच्या शेजारी वाटेत ठेवलं आणि बसले. डाव्या हाताला रिकामी, मऊ, पितळी खुर्ची. तिच्याकडे कोणी बघितलं की मी डोळे वटारते.

पडदा पूर्ण दिसतो. मध्ये कुणाचं डोकं नाही.

उभी : सहा. बसले : तीन.

१२ एप्रिल, रविवार
स्टुलावरून रोज. मफलर जाता-येता मान लववतात, खुर्चीला की मला ते कळत नाही. चर्चेत मी बोलत नाही. राखणदारानं बोलायचा नियम नाही, आणि माझ्या बोलण्यानं काय होतं ते मी बघितलंय.

आजचा दोन म्हाताऱ्या बहिणींचा होता. घरात एकच खुर्ची. एक बसली की दुसरी उभ्यानं काम करते. मग पहिली उठते, काही न बोलता, आणि दुसरी बसते. खुर्ची गार व्हायला वेळच मिळत नाही. आख्ख्या पिक्चरमध्ये खुर्चीबद्दल एक शब्द नाही. शेवटी एकच बहीण उरते. ती उभ्यानं काम करते, करत राहते. खुर्ची रिकामी असते तरी बसत नाही.

डोळ्यात काहीतरी गेलं. हॉल मीच झाडला होता, म्हणजे धूळ नव्हती.

घरी येऊन नणंदेला उठवलं आणि मशीनवर मी बसले. दोन शिवणी वाकड्या घातल्या. ती खिडकीपाशी उभी राहून हसत होती. "वहिनी, गिऱ्हाईक मारेल मला." पण तासभर आली नाही परत.

तो तास कशात धरायचा? डॉक्टर कामाचंच विचारतात. पण काम होतंच की ते.

१५ एप्रिल, बुधवार
डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, वाकवला, सरळ केला. म्हणाले, सूज उतरलीय, असंच चालू ठेवा. सही केली.

मग वही चाळली. आकड्यांवर बोट फिरवत गेले. म्हणाले, "हे मधलं सगळं काय आहे? एवढं लिहायची गरज नव्हती. आणि आता तर मुळीच नाही, वही बंद केली तरी चालेल."

येताना वाटेत दुकानात थांबून दुसरी वही घेतली. जाडी. दोनशे पानी.

आज तीन तास दहा मिनिटांचा आहे. एका माणसाला दार बसवायचं असतं, म्हणे, आणि भिंत मिळत नाही. बघू तरी मेल्याला जमतंय का. साडेचार झाले, फरशी पुसून झालीय. स्टुलाच्या वाकड्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी ठेवलीय.